माहेरकड्याचा दोर

अमेरिकेत कुठेतरी लढाई जुंपली आणि इकडे वऱ्हाडातल्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, हे अमरावतीच्या कापूसबाजारात फार थोड्यांना ठाऊक होतं, आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांना ते सांगायला फुरसत नव्हती. कापूस येत होता, कधी न मिळालेल्या भावानं तोलला जात होता, गाड्यांवर चढून मुंबईकडे निघत होता. तोलणाऱ्यांत नाव होतं ते नत्थुजी मापाऱ्यांचं.

नत्थुजींचा हात म्हणजे काटाच. कापसाचा बोरा जमिनीपासून वीतभर उचलायचा, डोळे मिटायचे, आकडा सांगायचा. मग तराजू लावत तो केवळ रिवाज म्हणून. दोन्हींत फरक पडलाच, तर बाजारातले लोक आधी तराजू तपासत. हाताची ही सवय बाजार उठला तरी सुटत नसे. गेल्या दसऱ्याला मूळ गावाहून सोनं द्यायला आलेल्या खुशालराव पाटलांना त्यांनी आलिंगन दिलं आणि सोडता सोडता पाटलांच्या गळ्यातल्या नव्या गोफाचं वजन सांगून टाकलं. वर, त्यात तांबं जरा जास्त पडलंय हेही. तेव्हापासून पाटील त्यांना लांबूनच रामराम घालत.

एकच माणूस नत्थुजींच्या हाताला जुमानत नसे. त्यांची थोरली बहीण गोदाबाई. वय बावन्न, सासर बडनेऱ्याचं, जीभ धारेची. त्या वर्षी दिवाळीत ती भावाचा बाजार पाहायला आली आणि मजुरांदेखत सरळ तराजूच्या पारड्यात जाऊन बसली.

"सांग रे नत्थू, किती भरतो मी?"

"बाई, उतर. लोक पाहून राहिले."

"पाहू दे ना. कापसाले पाहतेत तं मले काहून नाई पाहत?"

नत्थुजींनी साखळी धरून पारडं वीतभर उचललं. "एक मण नऊ शेर."

वजनं टाकली. एक मण नऊ शेर. "लुगड्यासकट," गोदाबाई म्हणाली, आणि अख्खा बाजार हसला.

पण त्या हसण्यात नत्थुजी नव्हते. माघ पुनव तीन महिन्यांवर आली होती, आणि हे एक मण नऊ शेर त्या दिवशी कुठे लटकणार होते हे त्यांना माहीत होतं.

एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या, उत्तरेला डोंगर सुरू होतात तिथे सावळपाणी हे नत्थुजींचं मूळ गाव. गावाच्या डोक्यावर तीनशे हात उंचीचा काळा कडा, आणि कड्याच्या माथ्यावर एक देवी. ती सावळपाण्याची लेक, वरच्या पठारावर दिलेली, असं गाव मानतं. म्हणून कड्याचं नाव माहेरकडा. वर्षातून एकदा, माघी पुनवेला, माहेरची ओटी घेऊन गावच्या एका लेकीनं तिला भेटायला जायचं. डोंगराला वळसा घालून जाणारी पाच कोसांची वाट आहे, निम्म्यापर्यंत बैलगाडीही जाते. सगळं गाव रोडग्यांची कणीक, वांगी आणि ते भाजायला गोवऱ्या घेऊन त्याच वाटेनं वर जातं. पण ओटी जाते ती सरळ कड्यानं. अनवाणी. लेक कड्यावर असेपर्यंत तिला कोणी नावानं हाक मारायची नाही. आणि कड्याला दोर दाखवायचा नाही.

का नाही, ते कोणी सांगत नसे. गोदाबाईला विचारलं तर ती म्हणे, "माहेरच्या माणसाले भेटाले जातो आपण. तिथं कोणी दोर लावून जाते काय बाप्पा?"

गोदाबाई एकोणतीस वर्षं चढत होती. तिचा नवरा वामनराव भला माणूस. त्या दिवशी बडनेऱ्यात देव पाण्यात ठेवून बसायचा आणि ती परतली की आधी देवांना बाहेर काढायचा, मग तिला पाणी द्यायचा. पण गेल्या वर्षी, कड्याच्या वरच्या अंगाला, जिथे दगड पोट काढून बाहेर येतो तिथे तिचा पाय सुटला होता. क्षणभरच. खालून कोणाला कळलंही नाही. वरून वाकून पाहणाऱ्या नत्थुजींना मात्र कळलं होतं, आणि त्यानंतर वर्षभर जड काही उचललं की त्यांच्या हाताला तो क्षण आठवायचा.

म्हणून त्यांनी चोरून दोर करायला दिला.

तोही अंबाडीचा नव्हे. बोटाला टोचणारा, ऐन वेळी फसवणारा अंबाडीचा दोर त्यांना नको होता. ज्या साली वऱ्हाडातली बोंडं जहाजात बसून विलायतेला जात होती, त्या साली नत्थुजींनी आपल्या शेतातला निवडक कापूस बाजूला काढला आणि विहिरीला दोर हवा असं सांगून एलिचपूरच्या जहीर दोरवाल्याकडे नेला. जहीरनं तीन पदरी, अंगठ्याएवढा, दीडशे हात लांबीचा दोर वळला. देताना विचारलं, "नत्थुभाऊ, विहिरीले कापसाचा दोर कोणी लावत नाई. खरं सांगा, कुठं नेता?"

"सावळपाण्याले."

जहीरनं दोराचं वेटोळं परत आपल्याकडे ओढलं. मग काहीसा विचार करून सोडलं. "मेरे अब्बा सावळपाण्याच्या लोकायले दोर विकत नसत," तो म्हणाला. "काहून, थे मले नाई माईत. पण तुमी दोस्त हाव."

नत्थुजींनी दोर हातावर तोलला. चौदा शेर. तराजू लावायची जहीरला गरज वाटली नाही.

माघी पुनवेची सकाळ उजळली ती इतकी स्वच्छ, की कड्याच्या कपारीतली सालईची झाडं एकेक मोजून घ्यावीत. नत्थुजी पहाटेच्या गाड्यांबरोबर वळशाच्या वाटेनं माथ्यावर आले होते. मागे गोवऱ्यांचा जाळ पेटला होता, बाया कणीक तिंबत होत्या, खुशालराव पाटील कोणाला तरी जाळ कसा पेटवावा हे पेटलेल्या जाळाशेजारी उभे राहून समजावत होते. नत्थुजींनी एका अंजनाच्या बुंध्याला दोराचे दोन वेढे दिले, गाठ मारली, कड्याच्या धारेवर घोंगडी घातली आणि दोर खाली सोडला. तो निम्म्या कड्यापर्यंत पोचला. त्याचं टोक ना वरून कोणाच्या हाताला येत होतं ना खालून; खालच्या टोकाच्या गाठीपासून जमीन दीडशे हात लांब होती.

"पाटील पाहतील तं वरडतील," नत्थुजींची बायको शकुन कानाशी पुटपुटली.

"पाहू दे. दोर फक्त राहीन तिथं. तिले हात लावा लागला तं लावीन, नाई तं नाई."

खाली ढोल वाजला आणि थांबला. गोदाबाईनं कड्याला हात लावला.

चढणाऱ्या गोदाबाईकडे पाहणं हा एक आनंद होता. जमिनीवर ती गुडघ्याला हात लावून उठणारी बाई. कड्यावर वयाचा हिशेबच उलटा व्हायचा. काष्टा खोचलेला, पदर कमरेला, ओटीची पुरचुंडी पाठीवर. तिची रीत साधी होती: चार टेकूंपैकी तीन पक्के असल्याशिवाय चौथा हलवायचा नाही. घाई नाही, थांबणं नाही. बोटं दगडाच्या कंगोऱ्यावर अशी जायची, जशी ओळखीच्या घरात अंधारातही दिव्याच्या कोनाड्याकडे जावीत. दगडाच्या एखाद्या फळीवर पोचली की मान मागे टाकून वर पाही आणि हसे. ते हसू माथ्यावर दिसायचं. गेल्या वर्षी कोणी तिला विचारलं होतं, भीती वाटत नाही का? ती म्हणाली होती, "खाली मले दिवसभरात बारा जण हाका मारतेत. इथं एक तरी मारून दाखवा!"

निम्मा कडा झाला. आग्या मोहोळांना वळसा घालून ती दोराच्या टोकाच्या उंचीवर आली, त्याच्या उजवीकडे दहा हातांवर. तिनं दोर पाहिला. वर पाहिलं. कड्याच्या धारेवर पालथ्या पडलेल्या भावाला तिनं जीभ दाखवली आणि चढत राहिली.

नत्थुजी हसले. हसता हसता त्यांच्या लक्षात आलं, की दोर हलायचा थांबलाय.

वारा होता. सालईच्या फांद्या हलत होत्या, गोदाबाईच्या पदराचं टोक फडफडत होतं. सकाळपासून घड्याळाच्या लंबकासारखा झुलणारा दोर मात्र ओळंब्यासारखा सरळ उभा होता. त्यांनी डोकं आणखी पुढे काढून पाहिलं. दोर टोकापर्यंत दिसत होता. टोकाला गाठ होती. गाठीला काही नव्हतं.

कड्यावरची वानरं, जी दरवर्षी गोदाबाईवर दात विचकत ओरडायची, ती यंदा सगळी उजव्या अंगाला जाऊन गप्प बसली होती. एक पिल्लू दोराच्या दिशेनं निघालं, तर आईनं त्याला शेपटीला धरून मागे ओढलं.

नत्थुजींनी दोर हातात घेतला. चौदा शेर. दोराचं स्वतःचं वजन, तेवढंच. हाताची खात्री पटली तसं त्यांना बरं वाटलं.

गोदाबाई दगडाच्या पोटाखाली आली.

तिनं उजवा हात वर घातला. डावा पाय उचलला.

उजवा पाय सुटला.

आणि मग नत्थुजींनी जे पाहिलं ते त्यांनी नंतर स्वतःलाही पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. तिचे दोन्ही हात दगडापासून सुटले. बोटं उघडी. तळवे दिसले. गोदाबाई कड्याला कुठेच लागलेली नव्हती.

दोराला हिसका बसला.

असा बसला, की नत्थुजींचे कोपर घोंगडीवरून घासत धारेपर्यंत गेले आणि अंजनाचा बुंधा करकरला. त्यांनी डोळे मिटले नाहीत, तरी हातानं आपलं काम केलं. दोराचे चौदा शेर वजा. धारेवरच्या घासणीचे वजा. उरले एक मण नऊ शेर.

गोदाबाई दहा हात उजवीकडे होती. तिचे हात पुन्हा दगडावर होते. दोराच्या गाठीला काही नव्हतं.

ती तशीच थोडा वेळ कड्याला गाल लावून उभी राहिली. मग पोटाची कड ओलांडून ती वर आली, ती इतक्या भराभर, की शेवटचे चाळीस हात ती चढली म्हणण्यापेक्षा वाऱ्यावर आली म्हणावं. माथ्यावर पाय टेकताच ढोल कडाडला, बायांनी तिला मिठ्या मारल्या, कोणी हळद लावली, कोणी कुंकू. देवीची ओटी भरली गेली. गोदाबाईनं पहिला रोडगा तुपात बुडवला आणि तोंडात घालून, भरल्या तोंडानं, भावाला हाक दिली, "नत्थू! त्या दोराले खाऊ घालशीन का मले?"

"तिसावं वरीस!" पाटील गरजले. "हिच्यावानी लेक साऱ्या वऱ्हाडात नाई!"

नत्थुजी दोर धरून बसले होते. गाठ पक्की होती, वेढे पक्के होते, त्यांनी धरायची गरज नव्हती. तरी हात सोडवेना.

पहिल्या पंगती उठल्या. उन्हं कलली. पाटलांना शेवटी दोर दिसला.

"हे काय जी? कड्याले दोर?"

"चूक झाली, पाटील," नत्थुजी म्हणाले.

"तं मंग काढा वर! देवी पाहून राहिली."

तिघांनी मिळून ओढला. दोर दोन बोटंही वर आला नाही. पाटलांनी निकाल दिला की तो कपारीत अडकला आहे. हे पटण्यासारखं होतं आणि सगळ्यांना पटलं. नत्थुजींना पटलं नाही. अडकलेला दोर मुका असतो; ओढलं की दगडासारखा थांबतो. हा दोर हाताला देत होता, घेत होता. अगदी थोडं. सारख्या अंतरानं. झोपलेल्या माणसाच्या छातीवर हात ठेवला की लागतं तसं.

"कापा, अन् पडू द्या खाली," म्हणत पाटलांनी कोणाच्या तरी हातातला विळा घेतला आणि दोरावर चालवला.

तीनपैकी एक पदर तुटला.

चाळीस हातांवर, त्यांच्याकडे पाठ करून, गोदाबाई पंगतीला वरण वाढत होती. तिच्या हातातली पळी खाली पडली. सपाट जमिनीवर, पायाखालची पायरी निसटावी तशी ती एका बाजूला गेली, आणि तिचे दोन्ही हात डोक्यावर उठले. काहीतरी घट्ट धरायला उठावेत तसे.

नत्थुजींनी विळ्याचं पातं मुठीत पकडलं.

"अहो, हात!" पाटील ओरडले. रक्त आलं होतं.

"नाई कापायचा," नत्थुजी म्हणाले. "माह्या कापसाचा हाय. राहू द्या."

त्यांच्या तोंडाकडे पाहून पाटलांनी विळा सोडला. गोदाबाई आली. तिनं भावाच्या हाताला पदराची चिंधी बांधली आणि मग, गमतीनं म्हणून, ताणलेल्या दोरावर दोन बोटं ठेवली. तिचं हसू तसंच राहिलं, पण बोटं तिनं उचलली नाहीत.

"नत्थू," ती अगदी हळू म्हणाली. "सोडू नको हं."

"काय आहे बाई थे?"

"मले काय माईत? पण सोडू नको." आणि लगेच नेहमीच्या चढ्या आवाजात, "चाल, ऊठ! रोडगे थंडे झाले, अन् तू उपाशी."

ती खाली बसली होती. उठायला तिनं हात पुढे केला, नेहमीसारखा, गुडघ्यांना शिव्या देत. नत्थुजींनी तो धरला आणि ओढला. बावन्न वर्षांच्या बहिणीला किती जोर लावायचा हे त्यांना पाठ होतं. तेवढा लावला आणि मागच्या मागे पडता पडता वाचले. सरकी काढलेल्या रुईची टोपली उचलावी, तशी ती उठून आली होती.

गोदाबाईनं ते पाहिलं. ती पंगतीकडे गेली, आणि थोड्याच वेळात तिकडून असा हशा उठला की वानरंही ओरडायला लागली.

नत्थुजींनी तुटलेल्या पदराशेजारी दुसरी गाठ मारली. मग तिसरी.

लढाई संपली, भाव पडले, बडनेऱ्याला आगगाडी आली, शिंगांच्या शेंब्या हळूहळू निघाल्या. सावळपाण्याची पुनव तेवढी राहिली. गोदाबाई साठीची झाली तरी चढत होती. दरवर्षी आदल्या वर्षीपेक्षा भरभर, हलक्या अंगानं, मजेत. लांबलांबची माणसं तिला पाहायला येत आणि महिनाभर बोलत राहत. वामनरावांनी देव पाण्यात ठेवणं सोडून दिलं. कड्यावरच्या त्या दोराची गावाला सवय झाली होती. नवस म्हणून बांधलाय, असं लोक पाहुण्यांना सांगत. वाऱ्यात तो का हलत नाही, हे कोणी विचारलं नाही. चढताना त्याच्या शेजारी आली की गोदाबाई त्याच्याकडे पाहून मान डोलवायची, शेजारणीला डोलवावी तशी.

कापसाचा दोर मात्र एका पावसाळ्याहून जास्त टिकत नाही. म्हणून दरवर्षी कापूस निघाला, की नत्थुजी पहिली वेचणी बाजूला काढत. जहीर आता काही न विचारता तीन पदर वळून देई. पुनवेच्या चार दिवस आधी, सकाळच्या उन्हात, नत्थुजी एकटेच वळशाच्या वाटेनं माथ्यावर जात. जुन्या दोराशेजारी, वीतभर अंतरावर, नवा दोर बांधत. तो कड्यावरून खाली सोडत. मग एका हातात जुना, एका हातात नवा धरून डोळे मिटून बसत.

कधी लगेच व्हायचं, कधी ऊन डोक्यावर यायचं. जुन्या दोरातून त्या एक मण नऊ शेरांतलं निम्मं वजन उतरायचं आणि तेवढंच नव्या दोरात भरायचं. मग जरा थांबून उरलेलं निम्मं, खाली लटकलेल्या कोणी दोर बदलावा तसं.

आधी एक हात. मग दुसरा.